कोंबड्याखालची चिठ्ठी

अंतराचा नियम एकच आणि कडक: आपल्या कलेसाठी कुणाचा जीव जाता कामा नये. आपोआप किंवा अपघाताने मेलेले पाळीव जीव लोक तिच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर आणून देत. ती कातडं सोलून, औषध लावून, पेंढा भरून त्यांना पुन्हा उभं करी आणि खाली चिठ्ठी लावी. शीळफाट्याचं मांजर, टेम्पोखाली. कल्याणचा ससा, म्हातारपण. याला ती कला म्हणायची. तिचा नवरा अनिमेष याला फ्रीजची वाट लावणं म्हणायचा.

ठाण्याचं प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं, तरी मधला चौथरा रिकामाच होता. "एखादा कोंबडा मिळाला ना मावशी, तर बहार येईल," ती चहा पिताना बोलून गेली. दिवा गावाहून स्वयंपाकाला येणाऱ्या गोदूबाईंनी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून आपला तांबडा कोंबडा काढला. "उन्हानं गेला गो."

अंतरा हरखली. पण मानेवरचं कातडं सोडवताना तिचा हात थांबला. आत रक्त साकळलेलं, मणका निखळलेला. आणि गळ्याची पिशवी भाताने गच्च. उन्हाने मलूल झालेला कोंबडा असा पोटभर जेवत नाही, एवढं तिला कळत होतं.

"मावशी, खरं सांगा."

गोदूबाई कणीक मळत होत्या. "पाच वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. आमच्यात पाहुण्याला कोंबडा कापतात. पण कापला असता तर तुझी पिसं खराब झाली असती, म्हणून मान मुरगळली. आधी भात घातला पोटभर."

"अहो, मारलेला मला चालत नाही! किती वेळा सांगितलंय!"

"मग काय, आता टाकणार त्याला?"

अंतराला राग आला आणि रडूही. रागवायचं तरी कुणावर? बोलून गेली होती ती स्वतःच. टाकून दिला असता तर नियम शाबूत राहिला असता आणि कोंबडा फुकट गेला असता. तो फ्रीजरमध्ये गेला. दोन दिवसांनी तिने हत्यारं काढली.

प्रदर्शनाला गोदूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. चष्मा घरीच राहिला होता. "काय लिहिलंयस गो?"

अंतराने वाचलं, "दिव्याचा कोंबडा. अंतराने मागितला म्हणून मारला."

गोदूबाई पदराने चौथऱ्यावरची धूळ पुसत म्हणाल्या, "भात जेवला होता, तेपण लिही."

अंतराने पेन काढलं आणि तेही लिहिलं.