दोरीने टांगलेले बिरूद

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पाटी आहे. दारावर अधूनमधून उलटी टांगली जाणारी पाटी माझ्याखेरीज तुम्ही क्वचितच पाहिली असेल.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि रंगाऱ्याने माझ्यावर एकच शब्द रंगवला, 'आचार्य'. मग काय, मी भलतीच मिरवू लागले! पण घरातल्या काकांनी पहिल्याच दिवशी माझा तोरा उतरवला. ते घरीच वर्ग भरवून संस्कृत ग्रंथ शिकवत. विद्यार्थ्यांना म्हणाले, "हा शब्द फार जुना. शिष्य गुरूच्या घरी राहून शिकायचे तेव्हापासूनचा. आचार म्हणजे वागणं. शास्त्रातला अर्थ वेचायचा, आधी आपण तसं वागायचं, मग दुसऱ्याला वागायला लावायचं. हे तिन्ही करेल तो आचार्य. नुसती घोकंपट्टी करणारा नव्हे."

लगेच त्यांनी नियमही केला. शिकवलेले स्वतःच मोडले, तर पाटी उलटी. चूक निस्तरली की सुलटी.

साऱ्या गल्लीची करमणूक झाली! 'रागावू नये' हे सकाळी शिकवून काका दुपारी पोस्टमनवर खेकसत आणि मी दाराकडे तोंड करून बसे. काकू विचारत, "आज काय दिवे लावलेत?" काका पोस्टमनची माफी मागून येत, मला सुलटे करत आणि दोघे खो खो हसत.

पुढे काकांचा आवाज बसला तो बसलाच. वर्ग पुतणीकडे आला. तिने मला उलटे टांगले ते महिनाभर तसेच. "मी कुठली आचार्य! हा महिना संपला की वर्ग बंद," ती म्हणाली. चाळीस वर्षांचा वर्ग! काका जेवेनासे झाले. मला तर रडूच आले.

शेवटच्या दिवशी तिने पुस्तक उघडलेच नाही. विद्यार्थ्यांत सर्वांत वयस्कर होत्या शिंपीणबाई. आदल्या दिवशी त्यांनी शंका काढली होती आणि पुतणीने त्यांना गप्प बसवले होते. ती त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"काल तुमचंच बरोबर होतं. मी चुकीचा अर्थ सांगितला, वर तुम्हालाच झापलं. माफ करा."

"अगं, त्यात काय! पुढचं शिकव," शिंपीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात काका काठी टेकत दाराशी आले. त्यांनी मला सुलटे केले आणि पुतणीला खुणेने जवळ बोलावले. "झालीस की," ते कसेबसे पुटपुटले. ती रडता रडता हसली. वर्ग काही बंद झाला नाही. काका त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

परवा रंगारी आला होता. "ताई, आता स्क्रूनं पक्की बसवू का?"

"छे! दोरीच राहू द्या. मी काय पुन्हा चुकायचीच नाही?"

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, रंग उडाला तर नवा द्या. पण माझ्यावरचा शब्द कधी तुमच्या दारी आला, तर मला पक्की ठोकू नका. मला उलटायला हात पोहोचला पाहिजे.