अंधारबुवाचा चेहरा

करारात बाईंनी एकच अट घातली होती: सिनेमात अंधारबुवाला चेहरा द्यायचा नाही. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकातही त्याला चेहरा नव्हता. माळ्यावर राहणारा हा बुवा बोलत नसे. घाबरलेल्या मुलाने हाक मारली, की लाकडावर दोनदा टकटक करी, बस्स. चेहरा ज्याने त्याने आपल्या मनाने लावायचा. बाईंची नात तर त्याच्याच भरवशावर दिवा मालवून झोपायला शिकली होती.

दिग्दर्शिका बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. "अट मोडायची माझी काय बिशाद! तुमच्यासमोर उभं राहिलं की अजून पाढे आठवतात," असं म्हणत तिने आजी-नातीला मुखवट्यांच्या कारखान्यात आणलं. "तुम्ही लिहिलंय तस्सा केलाय, बाई. बघाच."

मुखवटेवाल्याने चादर ओढली.

बुवा दारापेक्षा उंच होता. लोकरीचं अंग, गुडघ्यांखाली लोंबणारे हात, सगळं पुस्तकाबरहुकूम. मानेवर मात्र नुसतीच कातडी. गुळगुळीत, ओलसर, डोळे नाहीत, तोंड नाही. मुखवटेवाल्याने मागची दोरी ओढली, तशी ती कातडी सावकाश नातीकडे वळली.

नात किंचाळलीसुद्धा नाही. मागे मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिथेच थिजली. कागदावर बाईंनी चेहऱ्याची जागा मुलांसाठी मोकळी सोडली होती. इथे ती कुणीतरी शिवून बंद केल्यासारखी दिसत होती.

"झाका ते!" बाई ओरडल्या.

चादर पडली. नात हळूच म्हणाली, "आजी, आता तो घरीपण असाच येणार."

बाईंनी तिला पोटाशी धरलं. "अट सोडली मी. चेहरा लावा."

"अहो बाई! निर्मात्याशी तुमच्या अटीपायी भांडले मी. आणि आता तुम्हीच?"

"भांडलीस, गुणाची माझी ती. पण आता लाव."

"कुणाचा?" मुखवटेवाल्याने विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. समोर आली ती तीच कातडी. इतकी वर्षं बुवा त्यांचा होता, पण चेहरा त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

"तू कुणाचा लावायचीस गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"तुझा. तूच वाचून दाखवायचीस ना?"

मुखवटेवाला बाईंकडे कापड जोखावं तसा बघू लागला. "साचा घ्यावा लागेल. डोळे, तोंड, सगळं लिंपणार. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. बोलायचं नाही, हलायचं नाही. जीव घुसमटतो, आधीच सांगतो."

बाई लिफ्टमध्येसुद्धा पाऊल टाकत नसत. पण बुवा असाच राहिला, तर पोर अंधाराला कायमची मुकणार होती. बाई तिथल्या लाकडी खुर्चीत बसल्या.

गार लगदा कपाळावरून उतरला. पापण्यांवर बसला. ओठ गेले. कान बधिरले. मग तो आवळू लागला आणि बाईंना कळलं, त्या कातडीच्या आत आता आपणच आहोत. श्वास पुरेना. हात ओरबाडायला उठले.

तेवढ्यात फार लांबून आवाज आला. "आजी? आहेस ना आत?"

उठलेले हात बाईंनी खाली दाबले. एक बोट कसंबसं मोकळं केलं आणि खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक केलं.

बाई अंधारात वाट बघत राहिल्या. मग त्याच दांड्यावर, अगदी बोटाशेजारी, कुणीतरी दोनदा टकटक केलं.