प्रत्येक लेकराच्या नावाची एक गोळी

जरा थांबा, मलाही काही बोलायचंय. मी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली. जन्म कॅनडातला, नांदायला आले दूर समुद्रापारच्या इलोइलो शहरात, म्हाताऱ्या लूमिंगच्या घरी, मरियामाईच्या मूर्तीशेजारी.

माझ्या माहेरी हिवाळ्यात ऊन औषधालासुद्धा मिळत नाही, म्हणून लोक मला विचारतात. तिथं हॉटेलात राबणाऱ्या लूमिंगच्या लेकीला, जोव्हेलीनला काळजी, आईची हाडं ठिसूळ व्हायला नकोत. तिनं त्यातल्या त्यात जोरकस म्हणून मला निवडलं आणि साबण, कॉफी, मोजे, चॉकलेटांच्या भल्यामोठ्या खोक्यात कोंबलं. बोटीतून डुलत डुलत मी इथं पोचले. इथं तर ऊन अंगणात लोळत होतं!

माझ्याआधी दोन बाटल्या येऊन बसल्या होत्या. एक दुबईहून थोरल्या लेकानं, रोडेलनं पाठवलेली, दुसरी जहाजावरच्या आर्नुल्फोनं आणलेली, माशाच्या तेलाची. नावं वेगळी, रंग वेगळे, पण ड सगळ्यांच्याच पोटात.

लूमिंगची एक रीत होती. सकाळी एकेका लेकराच्या फोटोपुढं उभं राहायचं, "याला सुखरूप ठेव गं माई" म्हणायचं आणि त्यानं पाठवलेली गोळी तोंडात टाकायची. जणू लेकराच्या हातचाच घास.

शेजारच्या देलिंगला खिडकीतून डोकावल्याशिवाय न्याहारी गोड लागत नसे. एकदा तिनं मला उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"मानांग, अगं ताई, यावर आठवड्यातून एकच असं लिहिलंय."

"लिहू दे. पोरांना रोज आठवायचं आणि पोरीला आठवड्यातून एकदा? ती काय सावत्र आहे?"

"मग तिलाच विचार की."

"नको बाई. तिला वाटेल, आईनं गोळ्या तशाच ठेवल्यात."

ऐक गं तिचं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाटलीचं तोंड माणसानं उघडायचं असतं.

काही महिन्यांनी लूमिंगला कितीही पाणी प्यालं तरी पुरेना. सारखी लघवीला पळायची, पोट साफ नाही, अन्नावरची वासना उडालेली. पाय गळून गेले, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "ताकद कमी पडतेय." आणि माझ्यातल्या दोन-दोन गोळ्या घेऊ लागली. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

एका सकाळी ती रोडेलच्या फोटोपुढं उभी राहिली आणि त्याचं नावच आठवेना. देलिंगनं ते खिडकीतून पाहिलं. ती धावतच आत आली. "चल दवाखान्यात. आणि ही तुझी लाडकी मंडळीही बरोबर घेऊ." आम्हा तिघींना पिशवीत टाकून तिनं लूमिंगला तीनचाकी रिक्षात बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी आमच्यावरची चिठ्ठी वाचली, रक्त तपासलं. "नानाय, अहो आई, ड जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. तुमची मूत्रपिंडं दमलीत. आणखी उशीर केला असतात, तर ती कायमची गेली असती."

"पण जीवनसत्त्वच ना ते? विष थोडंच आहे?"

"अंगात साठत गेलं की तेही बाधतं."

दवाखान्यात सलाईन लागलं, आमच्याशी काडीमोड झाला. हळूहळू लूमिंगची नजर ठिकाणावर आली. घरी आल्यावर तिनं तिन्ही लेकरांना एकदमच फोनच्या पडद्यावर बोलावलं.

"माझी गोळी तरी चालू आहे ना, नानाय?" रोडेलनं विचारलं.

"तुझी का म्हणून? माझं तर माशाचं तेल, जेवणातलंच!" आर्नुल्फो म्हणाला.

"गप्प बसा दोघं! कुणाचीच चालू नाही."

जोव्हेलीन मुसमुसायला लागली. "माझ्यामुळंच झालं."

"तुझ्यामुळं कसलं? न विचारता गिळल्या त्या मी."

"मग पुढच्या खोक्यात काय पाठवू?"

"खोक्यात तूच बस आणि ये!"

सगळे हसले. खिडकीबाहेरून देलिंगचं हसणं सगळ्यांत मोठं.

एवढंच सांगायचं होतं. आम्ही वाईट नाही हो. पण कुणी प्रेमानं पाठवलं म्हणून आम्हाला डोळे मिटून गिळू नका. आमच्यावर लिहिलेलं वाचा. घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा डॉक्टरांपुढं मांडा.

गोळ्या गेल्या, मी मात्र राहिले. लूमिंगनं मला घासूनपुसून माझ्यात जाडं मीठ भरलंय. तेही चिमटीनंच घे, असं देलिंग येता-जाता तिला बजावत असते.