नसलेल्या जाळीवरून उडी

बाळांनो, जरा उभे राहा. दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवा. आता असं समजा, की तुमच्या दंडांभोवती कुणीतरी रुंद पट्टा आवळला आहे आणि कोपर अंगापासून बोटभरही सुटत नाही. शिवाय तुम्ही एका मोठ्या, काळ्या, गोल कड्याच्या आत उभे आहात. कडं तिरपं आहे. पुढं पायाच्या घोट्याशी खाली, मागं खांद्यापर्यंत वर. दोन्ही हातांत एक लांब लोखंडी काठी आहे, ती सोडायची नाही. आणि नेमकी नाकाला खाज सुटली आहे. खाजवा बघू!

नाही ना जमत? ऋतुजालाही जमत नसे.

"मामा, नाक खाजतंय."

"खाजू दे. नाकानं बॉल मारायचाय का?" रामेश्वरमामा म्हणायचा. "नजर खाली. फिरव काठी."

रामेश्वरमामा पुण्याला गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या बॅगा वाहायचा. बरीच वर्षं त्यानं लोकांचे झोके बघितले. गोल्फमध्ये काठी खांद्यामागं नेऊन फिरवतात ना, त्यालाच तो झोका म्हणायचा. गावी परतला तेव्हा कुणी दिलेल्या दोन जुन्या काठ्या, पिशवीभर बॉल आणि तो पट्टा घेऊन आला. झोका एका रेषेत यावा म्हणून तिकडं शिकणाऱ्यांना गोल कड्यात उभं करतात, हे त्यानं पाहिलं होतं. तसं कडं विकत कुठलं मिळायला? त्यानं विहिरीच्या मोटारीचा काळा पाइप जाळावर तापवून वाकवला, बोटं पोळून घेतली आणि टोकं जोडून बांबूंवर बसवला. काठी त्या पाइपावरून घासत न्यायची आणि घासत आणायची, म्हणजे झोका चुकायचा नाही.

ऋतुजाचे वडील, बंकट, मेंढरं राखायचे. सुगी झाली की धर्मापुरीच्या शिवारात कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, म्हणजे त्या रानाला खत मिळतं. संध्याकाळी मेंढरांभोवती खुंट्यांवर जाळी लावायची. तिला वाघूर म्हणतात. एक फाटकी वाघूर मामानं मागून घेतली होती. ऋतुजाचे बॉल तिच्यातच जाऊन अडकत.

रानाचा मालक रामहरी बांधावरून ओरडायचा, "बंकटा, मेंढरं कमी पडली का बे? पोरीलाबी कोंडलंस वाघरीत!"

"हसा, हसा," मामा म्हणायचा. "पेपरात फोटो आला की माझ्याच रानात शिकली म्हणून सांगत फिराल."

गंमत वाटते ना? ऋतुजाला मात्र त्यात फारशी गंमत वाटत नव्हती. थोड्याच दिवसांत मेंढरं दूर निघणार होती. दर वर्षी ती आईवडिलांबरोबर जायची आणि दर वर्षी शाळा अर्धी राहायची. यंदा परळीच्या मैदानावर खेळाच्या हॉस्टेलसाठी मुली निवडणार होते. निवड झाली तर तिथंच राहायचं, तिथंच शाळा. नाही झाली तर पुन्हा मेंढरांमागं. आई, साखराबाई, एवढंच म्हणाली होती, "एकदाच जाऊन ये. न्हाई जमलं तर मग रडायचं न्हाई."

कड्यात उभी राहिली की ऋतुजाचा बॉल सुतासारखा सरळ जायचा. पण कड्याला एक जोड होता. काठी खाली येताना तिथं अडखळायची. मग ऋतुजानं एक युक्ती काढली होती. जोड आला की मनगट किंचित उचलायचं आणि काठी त्यावरून उडवायची. कुणाला दिसायचंही नाही. हळूहळू तिलाही ते कळेनासं झालं.

एका सकाळी वडिलांनी वाघूर गुंडाळली. रान मोकळं झालं, तरी मेंढ्या जागच्या हलेनात. जाळी होती तिथवर येऊन थबकल्या. मग पुढच्या एकीनं पाय जुळवले आणि टुणकन उडी मारली. कशावरून? काहीच नव्हतं तिथं! तिच्यामागं दुसरी, मग तिसरी, सगळा कळप रिकाम्या जागेवरून उड्या मारत बाहेर पडू लागला.

ऋतुजाला हसू आवरेना. "आबा, येड्या हायेत का ह्या?"

"येड्या न्हाईत. जाळी डोळ्यात बसलीय त्यांच्या," वडील म्हणाले. त्यांनी एका बुजलेल्या कोकराला मानेशी धरलं आणि त्या जागेवरून सावकाश चालवत नेलं. मग मागं राहिलेल्या मेंढ्याही गुमान चालत आल्या.

दुपारी मामा यायच्या आधी ऋतुजानं कड्याच्या बाहेर उभं राहून काठी फिरवली. ती खांद्यावरून खाली आली आणि मध्येच मनगटाला हिसका बसला. बॉल बाभळीत गेला. पुन्हा फिरवली. पुन्हा त्याच जागी हिसका. तिचं हसू पार मावळलं.

"मामा, कड्याबिगर न्हाई जमत," मामा आल्यावर ती म्हणाली.

"म्हणूनच सराव लई पायजे," असं म्हणून त्यानं पट्टा एक छिद्र आणखी आवळला. जोडाचं सांगायला तिनं तोंड उघडलं. मामाच्या बोटांवरचे पोळल्याचे डाग अजून गेले नव्हते. तिनं तोंड मिटलं आणि कड्यात जाऊन उभी राहिली.

परळीला उज्ज्वला मॅडम निवड करायला आल्या होत्या. "अंगावर काही बांधायचं नाही," त्यांनी आधीच सांगितलं. पट्टा निघाला. हात मोकळे झाले, पण ऋतुजाला ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटले. तिनं काठी फिरवली. हिसका. बॉल कडेच्या दोरीखालून गडगडत गेला. दुसराही तसाच गेला. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या.

"एकच बॉल राहिला," मॅडम म्हणाल्या.

मामाला राहवेना. "मॅडम, तिला कडं लागतंय! टेम्पोत हाय. आणू का? कड्यात बघा, एक बॉल वाकडा जायचा न्हाई!"

मॅडमनी ऋतुजाकडं बघितलं. "आणा. त्यात मारला तरी मी बघेन. पण बाळ, हॉस्टेलवर तुझं कडं नसेल, हे लक्षात ठेव."

मामा धावत गेला. त्यानं घाईघाईनं बांबू रोवले, कडं बसवलं आणि शर्टाच्या बाहीनं पाइपावरची धूळ पुसली. "ये बाई. घरच्यासारखं हाय आता."

ऋतुजा आत जाऊन उभी राहिली. पुढं कडं, मागं कडं. इथून बॉल सरळ जाणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं काठी हळूच वर नेली, हळूच खाली आणली. जोडाशी येताच मनगट आपोआप उचललं गेलं.

ती थांबली.

"कावून थांबलीस?" मामानं विचारलं.

"मामा, इथं जोड हाय. मी रोज ह्याच्यावरून उडी मारते. कडं नसलं तरीबी मारते. आबाच्या मेंढरांवानी."

मामानं जोडावर बोट फिरवलं. बराच वेळ ते तिथंच राहिलं. "सांगितलं कावून न्हाईस, पोरी?"

"तुमची बोटं पोळली होती."

ऋतुजानं काठी खाली ठेवली आणि कडं बांबूंवरून उचललं. ते जड होतं. मामा हात लावायला पुढं झाला, पण तिनं मान हलवली. कडं तिनं स्वतःभोवतीच जमिनीवर आडवं टाकलं. आणि मग, उडी न मारता, कोकरानं टाकावं तसं सावकाश एक पाऊल, मग दुसरं पाऊल टाकत ती त्याच्या बाहेर आली.

"मॅडम, बॉल न ठेवता आधी जरा फिरवू का?"

"फिरव."

तिनं काठी उचलून खांद्यामागं नेली आणि इतकी हळू खाली आणली, की मुली हसायच्या थांबून बघत राहिल्या. जोडाची जागा आली. मनगट वर जाऊ लागलं. तिनं ते उचलू दिलं नाही, काठी तशीच चालवत पुढं नेली. पुन्हा एकदा नेली. मग आणखी एकदा, थोडी जोरात.

मग तिनं नाक मनसोक्त खाजवलं, खिशातून शेवटचा बॉल काढला आणि गवतावर ठेवला.