साहेबांचा काळा कोट

मित्रांनो, कपाटाच्या कोपऱ्यात टांगलेला, कोपरांवर विरलेला हा जुना काळा कोट म्हणजे मी. साहेब पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांच्या पत्नीने शिंप्याकडे खेटे घालून मला शिवून घेतले. त्या शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. "खिसे मोठे ठेवा," त्यांनी शिंप्याला बजावले होते. "लोक अर्ज देतात आणि हे हातात धरून फिरतात."

ते खिसे कधी रिकामे राहिले नाहीत. कुणाची बदली, कुणाच्या गल्लीतले पाणी. साहेब सभागृहात बोलायला उभे राहिले, की माझी बटणे ताणली जात. बारा वर्षे अशी झोकात गेली. मग एकदा ते स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षांविरुद्ध बोलले. अध्यक्ष रागावले नाहीत. महिन्याभरात त्यांनी सरकारला सांगून साहेबांना एका दूरच्या देशात राजदूत म्हणून धाडले.

"मान देऊन घालवतायत तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"कळतंय गं. पण घरी बसून तरी काय करू?"

बाईंची शाळा होती, मुलीचे शिक्षण चालू होते. त्या दोघी मागे राहिल्या.

तिकडे साहेबांचा मोठा आवाज कुणालाच नको होता. ते हळू बोलायला शिकले, तासन्‌तास ऐकून घ्यायला शिकले. चौथ्या वर्षी आपल्या देशाचे एक जहाज तिथल्या बंदरात अडवले गेले आणि एकोणीस खलाशी तुरुंगात पडले. तीन आठवडे साहेब रोज मला अंगात चढवून तिथल्या मंत्रालयात जाऊन बसत. सुटका अगदी हाताशी आली आणि मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचं काही खरं नाही. निघा."

"दोन दिवस, बाळा. सह्या झाल्या की लगेच निघतो. आत्ता उठलो तर सगळं फिसकटेल."

फोन ठेवून त्यांनी माझ्या खिशांत हात घातले.

सह्या झाल्या. तुरुंगाच्या दारात जहाजावरचा म्हातारा आचारी माझ्या खांद्यावर डोके ठेवून ढसाढसा रडला. आम्ही तसेच विमानात बसलो. घरी पोचलो, तेव्हा बाईंना जाऊन सहा तास झाले होते. मुलगी बापाशी एक शब्द बोलली नाही. तिने मला काढून घेतले, कपाटात टांगले आणि दार लावले. वर्तमानपत्रांत सुटकेचे श्रेय अध्यक्षांना मिळाले. साहेबांनी राजीनामा पाठवून दिला.

त्यानंतर मला कुणी ऊन दाखवले नाही. कसरीने अस्तर खाल्ले. अकरा वर्षे दाराच्या फटीतून मी बापलेकीचे बोलणे ऐकत राहिलो. "जेवण झाकलंय." "बरं." बस, एवढेच.

गेल्या थंडीत साहेबांनी अंथरूण धरले. मुलगी त्यांच्यासाठी काही गरम शोधायला आली आणि मला छातीशी धरून त्यांच्या अंथरुणापाशी खाली बसली.

"बाबा, आईनं शेवटी विचारलं होतं, पोरं सुटली का? मी म्हटलं, सुटली. तर हसली ती. मी तुम्हाला सांगितलंच नाही. राग होता माझा."

साहेबांनी तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "हसली?"

"हो."

चार दिवसांनी ते गेले.

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, असे म्हणण्याचे माझे वय आता राहिले नाही. अस्तर काय, नवे लावता येते. पण कुणाचा निरोप तुमच्यापाशी राहिला असेल, तर तो आजच पोचवा. माझ्या साहेबांना ते हसू फक्त चार दिवस मिळाले.