निळे दाणे

युसूफ वडगावच्या पलीकडचं ते गाव. दुष्काळ पडला की तिथं सगळ्यांची अंगं उतरायची, चेअरमन विठ्ठलरावांचं वजन मात्र वाढायचं. दूध सोसायटी त्यांची, टँकरची कमिटी त्यांची, आणि "माझ्या घरची बाई बी लाइनीत उभी राहते" हे वाक्यही त्यांचंच. गीताबाई खरोखर उभ्या राहायच्या. नवऱ्याची अब्रू त्या रोज घागरीतून घरी आणायच्या.

टँकर मात्र गावात शिरण्याआधी सोसायटीच्या मागच्या दाराशी थांबायचा. तिथला ड्रम भरायचा, मग पुढं निघायचा. हे गुपित ड्रायव्हर आणि चेअरमन या दोघांतलं. टँकरनं आणलेलं ते बोअरचं खारं पाणी ड्रममधून ऑफिसातल्या कूलरला जायचं. कुणी विचारलंच तर चेअरमन सांगायचे, "कोरडाच फिरवतो बाबा, नुसती हवा." दुपारी दार लावून ते सोसायटीचं कामकाज बघायचे, आणि ते कामकाज बाहेरपर्यंत घोरताना ऐकू यायचं.

पाडव्याच्या सुमारास बद्रीनाथ मास्तर आपला हॅम रेडिओ जुन्या मित्राकडे, विठ्ठलरावांकडे ठेवून डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला लेकीकडे गेले. अंबाजोगाईच्या कॉलेजात जन्मभर शिकवलेला माणूस. लष्करी मोडीतून घेतलेल्या त्या संचावर ते परवाना काढून देशोदेशीच्या लोकांशी बोलायचे. समोरच्याचा आवाज फाटका आला तर फाटकाच आला म्हणून सांगायचे, गोड वाटावं म्हणून वाढवून कधी सांगितलं नाही. जाताना त्यांनी बजावलं होतं, की पेटी पत्र्याच्या ट्रंकेतच राहू द्या. आतल्या तारेच्या गुंडाळीवर चांदीचा मुलामा आहे, ती काळी पडली तरी चिंच-राखेनं घासू नका, काळेपण चालतं, मुलामा गेला की परत येत नाही. आत एक काचेची बाटली होती, निळ्या दाण्यांची. हे दाणे हवेतली ओल पितात, गुलाबी झाले की तव्यावर भाजा, पुन्हा निळे होतील.

विठ्ठलराव हसले होते. "मास्तर, इथं माणसाला प्यायला न्हाई, तुमच्या दाण्याला कुठलं मिळायचं?"

आणि मास्तरांची पाठ वळताच पेटी ट्रंकेतून निघाली. इतकी शानदार चीज झाकून कशाला ठेवायची? आल्यागेल्याला दिसावी म्हणून ती टेबलावर आली, बरोबर कूलरच्या तोंडासमोर.

मे संपता संपता मास्तर परतले. संध्याकाळचं दूध घालायला आलेली माणसं ऑफिसात रेंगाळली होती. त्यांत ऊसतोडीहून परतलेला शहादेव होता. मास्तरांना शिकवायची खोड, त्यांनी आधी सगळ्यांना दाण्यांची गंमत समजावली आणि मग झाकण उघडलं.

पितळेच्या टोकांवर हिरवी बुरशी धरावी तसं काहीतरी चढलं होतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी. बटण फिरवलं तर जागचं हललं नाही. बाटलीतले दाणे मात्र लग्नातल्या अक्षतांसारखे गुलाबी.

मग शहादेव सावकाश म्हणाला, "मास्तर, आमच्या घरचे हंडे खणखणीत वाजायलेत. ह्या पेटीला पाणी कुणी पाजलं?"

विठ्ठलरावांनी तोंड उघडलं. आभाळ म्हणावं तर महिनोन्महिने कोरडं, गळकं छत म्हणावं तर त्यालाही पाऊस लागतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना थाप सापडेना. मास्तरांनी एकदा कूलरकडे बघितलं, एकदा मित्राकडे, आणि झाकण लावलं.

"माझीच चूक," ते म्हणाले. "दाणे भाजायचे राहिले असतील माझ्याकडून."

फाटक्याला फाटकं म्हणणारा माणूस चारचौघांत खोटं बोलला, तेही चेअरमनसाठी. विठ्ठलरावांना वाटलं, यापेक्षा शहादेवनं कॉलर धरली असती तर बरं.

गीताबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. ऑफिसात चार वाजल्यानंतर, कूलर बंद झाल्यावरच यायचं असा घरचा रिवाज होता. तो कशासाठी, हे त्यांना आज कळलं. कप टेबलावर ठेवून त्या खिडकीपाशी गेल्या, कूलरच्या गवताला हात लावला, ओला झालेला तळवा बघितला आणि पदराला पुसला.

"चहा घ्या मास्तर," त्या म्हणाल्या. "पाणी लाइनीतलं हाय, जरा गढूळ असल."

नवऱ्यासाठी कप आणलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा विठ्ठलराव घागर घेऊन लाइनीच्या शेवटी उभे होते. सोसायटीमागचा ड्रम त्यांनी स्वतः लोटत चौकात आणून ठेवला होता, ज्याला लागेल त्यानं न्यावं म्हणून. त्याला कुणी हात लावला नव्हता. कुणी टोमणाही मारला नाही. बायकांनी नेहमीच्या अदबीनं बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

"या की चेअरमनसाहेब, पुढं या," शहादेव शांतपणे म्हणाला. "तुमचं भरून झालं की मग आमी हावोतच."

विठ्ठलराव जागचे हलले नाहीत. वाट तशीच मोकळी राहिली, आणि रिकामी घागर हातात त्यांना फार जड झाली.