मोज्याने गप्प कधी बसावं

"अगं, दिवसभर कानाशी कुणी भुणभुण केली तर माणूस ऐकायचं सोडून देतो!" सर म्हणाले.

"कानाशी नाही सर, बोटाशी."

"तेच ते."

"तेच कसं? कान आणि बोट एकच असतं, तर इतकी वर्षं मी इथे काय माश्या मारल्या?"

ज्याच्यावरून हे भांडण पेटलं होतं, तो मी. दोघांच्या मधोमध टेबलावर पालथा पडलो होतो. मी उजव्या हाताचा मोजा. थंडीवाऱ्यातला नव्हे, अंतराळवीराचा. बढाई मारतोय असं वाटलं तर वाटू दे, खरं ते खरं.

भांडण कळायला आधी माझं काम कळायला हवं. अंतराळात यानाबाहेर पडणाऱ्या माणसाचा पोशाख आतून हवेने फुगवलेला असतो. त्याचे मोजे असे ताठ होतात की, हाताला उशा बांधून सुईत दोरा ओवायला सांगावं तशी गत होते. हातात पाना आहे की निसटला, हे बोटांना कळत नाही. म्हणून मी. मी त्या जाड मोज्याच्या आत, अगदी कातडीला लागून बसतो. जाड मोज्याच्या बोटांवर दाब पडला की तिथे बसवलेल्या, दाब ओळखणाऱ्या चकत्या एका तारेतून मला निरोप देतात, आणि मी थरथरून तो माणसाच्या बोटाला पोचवतो. माझ्या प्रत्येक बोटाच्या टोकाला मसुरीएवढी मोटर आहे. माझ्या डाव्या भावाला एकही नाही. तो नुसता जोडीला असतो आणि तरी फोटोत पुढे येतो.

मला घडवलं तिने, सरांशी भांडणाऱ्या त्यांच्या विद्यार्थिनीने. डॉक्टरेटसाठी ती स्पर्शावर संशोधन करत होती. साधा कामाचा मोजा उसवून तिने माझ्यात मोटरी टाचल्या. पहिल्या दिवशी मी इतका थरथरलो की टेबलावरून चालत जाऊन तिच्या चहात पडलो. ती पोट धरून हसली. जन्मताच आईला हसवलं, आणखी काय पाहिजे?

तिचा धाकटा भाऊ फोनवर विचारायचा, "ताई, झाला का गं मोजा विणून?"

"विणत नाहीये रे गधड्या, संशोधन करतेय!"

"बरं बरं. माझ्या मापाचा कर."

पुढे माझ्यात खूप जणांनी हात घातले. माणसं मला घालायच्या आधी माझा वास घेतात. का, ते त्यांनाच ठाऊक. मग मूठ मिटून उघडून बघतात, जणू स्वतःचा हात पहिल्यांदाच भेटलाय. आणि दोन्ही हात अडकले रे अडकले की नेमकं नाक खाजतं! शिकलेल्यांचं खाजतं, न शिकलेल्यांचंही खाजतं. एवढं हुशार डोकं बाळगणारा प्राणी नाकापुढे असा लाचार व्हावा, याची मला भारी गंमत वाटते.

मधे तिचं घोडं अडलं. काही केल्या प्रयोग जुळेना, तेव्हा तिने मला खणात टाकलं. जुन्या वायरी आणि सुकलेली पेनं, हे माझे शेजारी. एकदा कुणीतरी मला उचललं, मला वाटलं दिवस पालटले. कसले पालटतात! गरम किटली उतरवली आणि पुन्हा खणात. माझ्या तर्जनीवर तो डाग अजून आहे. डॉक्टरेटच्या संशोधनाचं किटलीचं फडकं केलं मेल्यांनी!

पण ती चिवट. तिने मला बाहेर काढलं, नवी तार जोडली, आणि मला कधी बोलायचं ते सरांच्या पद्धतीने शिकवलं. पकड सुटायला लागली की थरथरायचं. पकड नीट असेल तर गप्प. या पद्धतीवर सरांची उमर गेली होती, नाव झालं होतं. सर वाईट नाहीत, बरं का. माझी शिवण उसवली की स्वतः चष्मा कपाळावर चढवून टाका घालतात.

मग चाचणीला कॅप्टन आल्या. या बाई स्वतः अंतराळात जाऊन, यानाबाहेर काम करून आलेल्या. आता नव्यांना शिकवतात. हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत, तिला जोडलेल्या जाड मोज्यातून हात घालायचा, वर काळं कापड, आणि न बघता बोल्ट आवळायचा. मी दोनदा थरथरलो तशा त्या म्हणाल्या, "चुकलं की गुरगुर आणि बरोबर केलं की तोंड बंद! मोजा आहे की सासू? मी स्वतः सासू आहे, मला ओळखू येतं."

सगळे हसले, आणि तेवढ्यात मनगटापाशी माझी तार तुटली.

पकड सुटत होती. मला ओरडायचं होतं, पण निरोपच येईना, तर मी काय थरथरणार? मी गप्प म्हणजे सगळं ठीक, असं धरून कॅप्टननी पान्याला आधार दिलेला दुसरा हात सोडला. खणकन पाना पेटीत पडला. इथे पडला म्हणून बरं. वर असता तर कायमचा गेला असता.

त्यावरूनच हे भांडण. माझ्या पुढच्या चाचणीसाठी हौद ठरला होता. अंतराळवीर ज्यात पाण्याखाली सराव करतात तो, घराएवढा खोल. तिचं म्हणणं, मोज्याची रीतच उलटी करू. पकड आहे तोवर हळू गुणगुणू दे, सुटली की गप्प. मग तार तुटली तरी तो गप्पच होईल, आणि माणूस सावध होईल. सरांचं म्हणणं, नवी जाड तार घालू आणि माझ्याच पद्धतीने जाऊ, नाहीतर हौदाच्या अर्जावर माझी सही नाही. सही नाही म्हणजे हौद नाही, हौद नाही म्हणजे तिची डॉक्टरेट नाही. आणि मी? परत किटलीपाशी.

"अंगातला सदरा दिवसभर जाणवतो का तुला?" सरांनी टेबलावर बोट आपटलं. "नाही ना? तसंच हे. सतत थरथरणाऱ्या मोज्याकडे कुणाचंही लक्ष राहणार नाही!"

मुद्दा बिनतोड होता. मी मनात म्हटलं, संपलं. चाचणीनंतर चहाला थांबलेल्या कॅप्टनसुद्धा बिस्किट हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

ती जे बोलली ते एकच वाक्य. त्यावर कॅप्टन खो खो हसल्या, आणि सरांनी मला उचलून आपल्या हातात चढवलं, मूठ मिटली, उघडली, आणि डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी झाली, पण झाली.

आता मी पेटीत आहे, हौदाच्या वाटेवर. शेजारी डावा भाऊ घोरतोय. तुम्हाला एकच सांगणं, तुमच्या कामाचं काही कुणी गुणगुणत असेल तर त्याला उगाच गप्प करू नका. येतो मी. तिचं ते वाक्य तेवढं ऐकून घ्या. ती म्हणाली होती,

"सर, पोरं घरात दंगा करतात तेव्हा आईचं लक्षही नसतं, दंगा थांबला की ती हातातलं टाकून धावते."